सायप्रसला जाताना खुर्ची न्यावी

सायप्रसला पहिल्यांदा जाताना बरोबर काय न्यावं, हे कृपा करून मला विचारू नका. मी घडीची खुर्ची घेऊन गेलो होतो. नुसती खुर्ची नव्हे. खुर्ची, झाकणाचं एक पातेलं, एक सोलापुरी चादर आणि डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं. सहल आठ दिवसांची होती. कुवेतच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "सर, विमानात बसायची सोय असते." माझी बायको दुसरीकडे तोंड करून उभी राहिली, जशी काही ती आमच्याबरोबर नव्हतीच. लेक सहा वर्षांची, तिला भीड नाही. "बाबा, व्हाय आर वी टेकिंग अ चेअर?" मी म्हटलं, "परमिटकाकांनी सांगितलंय." अहमदीतल्या, म्हणजे कुवेतमधल्या आमच्या तेलवस्तीतल्या, कुठल्याही मराठी घरात तेवढं उत्तर पुरायचं.

परमिटकाका मूळचे नाशिकचे. तेलकंपनीत सेफ्टीला होते. प्लांटमध्ये कुठल्याही पाइपला पाना लावायचा तर आधी त्यांच्या सहीचं परमिट लागायचं, आणि ते मिळवण्यापेक्षा पाइप बदलून टाकणं सोपं, असं फिटर लोक म्हणायचे. मी चौऱ्याण्णव साली पुण्याहून आलो तेव्हा नवाकोरा इंजिनियर होतो आणि मला त्यांच्या समोरचं टेबल मिळालं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं. काका शांतपणे म्हणाले, "हे कुणाचं?" मी म्हटलं, "तुमचं." "मग मला विचारलंस?" मी पेन खाली ठेवलं, विचारलं, आणि पुन्हा उचललं. "शाबास," काका म्हणाले, "आता तू या प्लांटमध्ये जिवंत राहशील."

यात गंमत नव्हती. व्हॉल्व्ह बंद करून आपण कुलूप घालतो, त्यावर घालणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. ते कुलूप कुणाचं हे विचारल्याशिवाय आणि त्या माणसाने हो म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावला, तर पलीकडे पाइपात काम करणारा माणूस मरतो. काकांनी हा नियम उचलला आणि संसाराला लावला. आमच्या घरी आले की पेपरला हात लावण्याआधी विचारायचे, "हा कुणाचा?" "आमचाच, काका." "वाचू?" "वाचा की!" मग खिशातून चष्मा निघायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या वाटीतलं मीठ घेतानासुद्धा दोन प्रश्न. आधी मालक कोण, मग परवानगी. माझी बायको रत्नागिरीची, इथल्या इस्पितळात नर्स. ती म्हणायची, "काकूंशी लग्न कसं केलं असेल हो यांनी? 'ही कुणाची?' विचारत सासऱ्यांकडे गेले असतील." काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगदी तस्सेच आले होते."

आणि सायप्रस. आमच्यापैकी कुणी इजाजा टाकला, म्हणजे रजा मागितली, की काकांना कुठून वास लागायचा कोण जाणे. भारतात जाणाऱ्याला ते काही बोलत नसत. पण चार-आठ दिवसांची रजा असली की हजर. "सायप्रसला जा. विमानात बसला, डबा उघडला, झाकण लावेपर्यंत लार्नाका आलं." ज्यांनी नकाशात सायप्रस पाहिलं नव्हतं अशी कितीतरी माणसं काकांनी तिकडे धाडली. मग शुक्रवारच्या सुट्टीला सकाळी त्यांच्या क्वार्टरमध्ये पोहे खाऊन तासाभराचं व्याख्यान व्हायचं आणि शेवटी तोंडी परीक्षा.

सल्ले उत्तम होते, हे मी मान्य करतो. तिथे गाडी आपल्या देशासारखी डावीकडून चालवतात. कुवेतमध्ये उजवीकडून चालवून आपलं डोकं फिरलेलं असतं, म्हणून पहिला दिवस पायी हिंडावं. भाड्याच्या गाडीला लाल नंबरप्लेट असते, ती बघून लोक आपल्याला आधी जाऊ देतात. तो मान नव्हे, ती भीती. प्लग कुवेतसारखेच तीन चौकोनी पायांचे, त्यामुळे इस्त्री न्यायला हरकत नाही. बुधवारी दुपारनंतर दुकानं बंद, तेव्हा दूध सकाळी घ्यावं. कॉफीला 'तुर्की' म्हणायचं नाही, नाहीतर समोरचा माणूस कॉफी देतो पण नजर देत नाही. चर्चमध्ये गुडघे आणि खांदे झाकावेत. समुद्रकिनारी वाळू असेलच असं नाही, गोटे असतात आणि ते तापतात. मेझे मागवलं तर वीसेक वाट्या येतात, त्यातल्या पहिल्या चारातच पोट भरणारा माणूस मूर्ख. निकोशियात मधोमध रेषा आहे, चौऱ्याहत्तर साली तुर्की सैन्याने बेटाचा उत्तर भाग घेतला तेव्हाची, तिकडच्या सैनिकाचा फोटो काढू नये, त्याने हसून बघितलं तरी काढू नये.

शाकाहारी मंडळींसाठी खास शब्द होता, 'निस्तीसिमो'. म्हणजे उपवासाचं. हा शब्द ऐकून एका जोशीकाकू साबुदाण्याची आशा धरून गेल्या आणि त्यांच्यापुढे ऑक्टोपस आला. तिकडे तो उपवासाला चालतो म्हणे. पुढच्या शुक्रवारपासून काकांनी सल्ल्यात दुरुस्ती केली: "निस्तीसिमो म्हणा, आणि वर पाय मोजून घ्या."

इथवर ठीक. पण त्यानंतर यायची सामानाची यादी. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या. सर्टिफिकेटं मूळ, झेरॉक्स नको. रेडिओ, सेल टाकून. पातेलं, चादर, आणि घडीची खुर्ची, माणशी एक. "काका, हॉटेलात खुर्ची असते." "ती कुणाची?" "हॉटेलची." "झालं तर मग."

सर्वांत शेवटी काका एक कागद द्यायचे. लार्नाकाच्या एका गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, व्हॉल्व्ह दाखवतात तशी खूण करून. तिथे एक जुनं घर आणि त्यात एक म्हातारी. तिला नुसतं बघून यायचं. बोलायचं नाही, आमचं नाव सांगायचं नाही. परत आल्यावर फक्त दिसली की नाही, एवढं कळवायचं. स्वतः जायचं मात्र नाव नाही. काकू दरवर्षी म्हणायच्या, "अहो, आपणच जाऊन येऊ की एकदा." काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

यावरून आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी काय अर्थ काढला असेल तो तुम्ही काढलाच आहे. सायप्रसला काकांचं दुसरं बिऱ्हाड आहे, असं चार-पाच वर्षं छातीठोकपणे सांगितलं जायचं. म्हातारी ऐंशीकडे झुकलेली आहे, असं बघून आलेले लोक सांगायचे, तरी कुणाचा विश्वास बसेना. काकूंच्या कानावर आलं तेव्हा त्या खो खो हसल्या. "असू दे गं, तेवढाच ह्यांचा भाव वधारतो!"

खरी गोष्ट मला काकूंनीच सांगितली, खैरानला. शुक्रवारी दुपारी आम्ही दोन कुटुंबं तिथल्या एका शॅलेवर, म्हणजे समुद्रकाठच्या भाड्याच्या घरी, गेलो होतो. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते, आणि बायकोने चिडवायला विचारलं, "काकू, यांची सायप्रसवाली कशी आहे?" काकू या वेळी हसल्या नाहीत.

"नव्वद साली आम्ही दोघं आठ दिवसांसाठी गेलो होतो," काकू म्हणाल्या. "दोन ऑगस्टला परत निघायचं, आणि सकाळी हॉटेलवाला सांगतोय, तुमचं कुवेत गेलं. गेलं म्हणजे काय रे? मला वाटलं विमान गेलं."

इराकी सैन्य घुसलं होतं. परतीचं विमान नाही, बँक बंद, कुवेती दिनार कुणी हातात धरेना. हॉटेल सोडून दोघं एका म्हातारीच्या घरामागच्या रिकाम्या खोलीत राहिली. खोलीत एक पलंग आणि बाकी भिंती. सहा आठवडे.

"पहिल्या दिवशी ह्यांनी तिच्या अंगणातल्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, 'युअर्स?' आता ह्यांची सवय तुला ठाऊकच आहे, आधी मालक कोण ते विचारायचं. तर ती म्हणाली, 'ने.'"

"काय?"

"ने! आपलं मराठीतलं, घेऊन जा म्हणतो ना, तसं ने. मी तर उडालेच. मी म्हटलं, अगं बाई, हिला मराठी येतं! हे म्हणाले, अलेक्झांडरचं सैन्य आपल्याकडे आलं होतं, एखादा शब्द उचलून नेला असेल. आणि बघ ना, एका शब्दात ह्यांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं. खुर्ची तिची, आणि ने म्हणतेय. आम्ही खुर्ची नेली."

मग पातेलं. "युअर्स?" "ने." मग पांघरूण. मग आरसा. मग तिचा रेडिओ, कारण कुवेतच्या बातम्या ऐकल्याशिवाय काकांना घास उतरेना. प्रत्येक वेळी विचारून. म्हातारी प्रत्येक वेळी मान कलती करून म्हणायची, "ने." इतकी दिलदार बाई आम्ही आयुष्यात पाहिली नाही, असं दोघं एकमेकांना सांगायची. संध्याकाळी ती त्यांच्या खोलीच्या दाराशी पायरीवर येऊन बसायची. त्यांना वाटायचं, आपला लळा लागलाय तिला.

ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'.

हे काकांना कळलं त्या दिवशी मी समोरच होतो, पण मला त्या वेळी काही समजलं नव्हतं. पंच्याण्णव किंवा शहाण्णव साल असेल. कंत्राटदाराचा एक सायप्रसी फोरमन परमिटसाठी आला होता आणि फोनवर बायकोशी बोलत होता. ने, ने, ने, ने. काका कौतुकाने म्हणाले, "काय न्यायला सांगतोयस एवढं?" तो म्हणाला, "न्यायला? मी हो म्हणतोय. बायकोशी बोलताना दुसरं काय म्हणणार?" मी हसलो. काकांनी हातातलं परमिट खाली ठेवलं. फोरमनला विचारलं, एखादी वस्तू तुझी का असं विचारलं आणि तू 'ने' म्हणालास, तर? "तर माझी आहे," फोरमन म्हणाला. त्या दिवशी काकांनी एकाही परमिटवर सही केली नाही. तब्येत बरी नाही म्हणून घरी गेले. खुर्च्यांचे सल्ले त्यानंतर सुरू झाले.

"मी म्हणते, निघताना सगळं तिथेच ठेवून आलो ना आपण?" काकू म्हणाल्या. "चोरी का केली? हे म्हणतात, सहा आठवडे म्हातारी पायरीवर बसली. तिच्याकडे खुर्ची एकच होती. आणि संध्याकाळी यायची ती आपल्यासाठी नाही, तिच्या रेडिओसाठी. आता जाऊन तिला तोंड कसं दाखवू? म्हणून तुम्हाला पाठवतात. ती जिवंत आहे असं कळलं की चार दिवस नीट जेवतात, आणि मग पुन्हा तेच. मरायच्या आत तिला भेटले नाहीत ना, तर हा माणूस झुरून जाईल रे."

तिकडे काका पाण्यातून ओरडले, "ही चप्पल कुणाची?" बायकोचीच होती. तिने हात वर केला.

काकूंनी त्या दिवशी पुढचंही सांगितलं होतं, कुवेत सुटल्यावर परत आल्या तेव्हा क्वार्टरमध्ये काय दिसलं ते. शिवणयंत्र नाही, लग्नाचा अल्बम नाही, भिंतीवरची बटणंसुद्धा उपटून नेलेली. मी हूं हूं केलं. नव्वदच्या आधीपासूनच्या प्रत्येकाची अशी एक कहाणी असायची आणि आम्ही नंतर आलेले लोक ती हूं हूं करत ऐकायचो.

तर मी गेलो तो दोन हजार दोन साली, खुर्चीसकट. सल्ले अक्षरशः पाळले. पहिला दिवस पायी हिंडलो. निस्तीसिमो म्हणालो आणि पाय मोजले. खुर्ची समुद्रकिनारी उघडली, तापलेल्या गोट्यांवर बाकी सगळे नाचत होते आणि मी बसलो होतो. बायकोने पाच मिनिटं तमाशा बघितला, मग म्हणाली, "उठा, मला बसू दे." सहाव्या दिवशी नकाशा घेऊन गल्ली शोधली. म्हातारी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. शेजारी खोकी. एक पंचविशीची नात तिला मदत करत होती. बोलायचं नाही असा हुकूम, म्हणून मी नातीला फक्त रस्ता विचारला आणि खोक्यांकडे बघून म्हटलं, घर बदलताय? ती म्हणाली, महिनाअखेर आजीला तिच्या मुलाकडे लंडनला नेतोय. कायमची. हे घर सोडतोय.

शनिवारी मी ऑफिसात पोचलो तर काका माझ्या खुर्चीशेजारी उभे होते.

"दिसली?"

"दिसली."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"कशावर बसली होती?"

"खुर्चीवर."

काकांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं सांगवेना. पण सांगितलं. लंडन, महिनाअखेर, कायमची. काका खाली बसले. टेबलावरचं पेन उचललं, आपलंच, आणि तरी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. लंडनला आपल्या ओळखीचं कोण आहे?"

माझं डोकंच सणकलं. वडीलधाऱ्या माणसाशी मी कधी असा बोललो नव्हतो. "काका, बास झालं! आख्खी अहमदी पाठवून झाली तुमची. जोशीकाकूंनी ऑक्टोपस खाल्ला तुमच्यापायी. आता जायचं राहिलंय ते फक्त तुम्ही. आणि तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाल तर पुढच्या वर्षी तिथे कुणी नाही."

"मी तिला काय सांगू?" काका म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला माझीच लाज वाटली.

"झालं ते सांगा. माफ करा म्हणा."

काकांनी तो फोरमन शोधून काढला. तो आता शुऐबाला दुसऱ्या कामावर होता. त्याच्याकडून एक ग्रीक वाक्य कॅसेटवर भरून आणलं: मला वाटलं तुम्ही घेऊन जा म्हणताय, मला क्षमा करा. आठ दिवस ऑफिसात तेच. आमच्या इजिप्शियन कारकुनाला वाटलं, साहेब कसलंसं अनुष्ठान करतायत, तो त्या वेळी आवाज न करता टाइप करायचा. व्हिसा आला, इजाजा मंजूर झाला आणि पंचवीस तारखेला मी दोघांना विमानतळावर सोडलं. काका रस्ताभर ते वाक्य पुटपुटत होते. मला एकही सल्ला दिला नाही.

चार दिवसांनी परत आले तेव्हा काका सरळ आत जाऊन झोपले. काकू मला म्हणाल्या, "बस. सांगते."

"अंगणात आम्ही उभे राहिलो. सामान सगळं गेलेलं, ती आणि नात तेवढ्या होत्या. ह्यांनी हात जोडले आणि वाक्य म्हटलं. एकही चूक नाही हो! तर म्हातारीने कानाला हात लावला. जवळजवळ बहिरी झालीय. हे पुन्हा म्हणाले, मोठ्यांदा. पुन्हा कानाला हात. मग तिसऱ्यांदा हे ओरडले. तुम्ही तिकडे प्लांटमध्ये कॉम्प्रेसरच्या आवाजात ओरडता ना, तसे. समोरच्या खिडक्या उघडल्या. न्हावी गिऱ्हाईकासकट बाहेर आला, त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस. इतकी वर्षं जे माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, ते आख्ख्या गल्लीला सांगितलं ह्यांनी."

"आणि ती?"

"नात आधी हसली. मग हसेना. तिने आजीच्या कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. म्हातारीने असा हात झटकला, माशी हाकलतो तसा. खुर्चीचं नाव नाही, रेडिओचं नाव नाही. ह्यांच्याकडे बघून तिने एकच विचारलं. नातीने इंग्रजीत सांगितलं, आजी विचारतेय, तुमचं घर तुम्हाला परत मिळालं का?"

काकू म्हणाल्या, "बारा वर्षं झाली रे. हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

मी आठ वर्षं त्या माणसासमोर बसत होतो.

"हे घळाघळा रडायला लागले, एवढ्या लोकांसमोर. मीच सांगितलं, भिंती मिळाल्या, आतलं काही नाही मिळालं. नातीने ते तिच्या कानात ओरडून सांगितलं. म्हातारी बराच वेळ मान हलवत राहिली. मग उठली, ह्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, खांद्यावर हात ठेवला, आणि उत्तरेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. तिचं घर त्या रेषेच्या पलीकडे होतं. चौऱ्याहत्तर साली नेसत्या कपड्यांनिशी निघाली होती ती तिथून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला भिंतीसुद्धा नाही मिळाल्या."